उलट्या दोऱ्याची जुडी

मोगरी खाली आली तेव्हा धाकट्यानं डोळे मिटून घेतले होते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला आणि मागोमाग त्याच्या बायकोचा श्वास आत ओढल्याचा. ती किंचाळली नाही. उजवा हात ठोकळ्यावरून उचलून तिनं पोटाशी धरला आणि ओठ असे आवळले की त्यांचा रंगच गेला.

"आता लक्षात राहील," मालक म्हणाला आणि मोगरी चाचपत खिळ्याला अडकवून आला.

मालक म्हणजे धाकट्याचा बाप. त्या घरात बापाला बाबा म्हणायची सोय नव्हती. नोकर मालक म्हणत, म्हणून मुलंही मालक म्हणत, आणि नोकर केव्हाच पळून गेले तरी मुलांच्या जिभेवरचा मालक काही उतरला नाही. धंदा दाढीचे ब्रश बांधायचा. कारखाना म्हणायचं ते आपलं म्हणायला. खाली रस्त्याला लागून एक लांबट खोली, मधोमध बाक, कोपऱ्यात राळ वितळवायची शेगडी, आणि वर राहायच्या दोन खोल्या. केस विंचरायचे, त्यांची टोकं जुळवायची, मुळाशी मेणाच्या दोऱ्यानं आवळून जुडी बांधायची, मग लाकडी मुठीच्या भोकात राळ ओतून जुडी तीत बसवायची आणि वरून मोगरीनं हलकेच ठोकून पक्की करायची. लाकडाची ती जाड मोगरी त्या घरात आणली होती ती या हलक्या ठोकण्यासाठी.

मालकाची दृष्टी म्हातारपणी गेली, पण त्यामुळे कुणाची सुटका झाली असं समजू नका. तयार ब्रश तो आपल्या वरच्या ओठावरून फिरवायचा. मऊ लागला तर काही बोलायचा नाही. टोचला तर विचारायचा, "हा कुणाचा?" आणि मग, "हात ठेव." ठोकळ्यावर हात ठेवायचा, एवढंच. कुणी पकडून ठेवायची गरज कधी पडली नाही. जे जे नोकर सोडून गेले, ते सगळे एखादं वाकडं बोट घेऊन गेले.

आजचा टोचलेला ब्रश धाकट्यानं बांधलेला होता. त्याला ते माहीत होतं आणि त्याच्या बायकोलाही. पण तो तिच्या पुढ्यातल्या ढिगातून निघाला म्हणून मालकानं तो तिचा धरला. "हात ठेव," तो म्हणाला, तेव्हा तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. धाकटा स्वतःचे हात मांडीखाली घेऊन बसला होता. त्याच्या तोंडातून ब्र निघाला नाही.

डॉक्टरनं प्लॅस्टर घातलं आणि विचारलं, कसं झालं. "दारात सापडला," ती म्हणाली. वर खोलीत आल्यावर धाकटा पाण्याचा ग्लास घेऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याला रडू फुटलं.

"रडू नका," ती म्हणाली. "तुमचं रडं बघायला मला वेळ नाही. तो ब्रश तुमचा होता ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

तो काय सांगणार? लहानपणापासून 'हात ठेव' हे शब्द कानावर पडले की त्याची पाचावर धारण बसायची. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असण्यालाही कुठंतरी शेवट असतो.

"एक ऐकून ठेवा," ती म्हणाली. "या घरात एक तर ती मोगरी राहील, नाहीतर मी. सलूनवाल्याचा माल एकदा जाऊ दे. तो गेला की मला उत्तर हवंय. उत्तर नसेल तर मी माझी पिशवी उचलणार आणि मागं वळून बघणार नाही."

सलूनवाला म्हणजे जुनं गिऱ्हाईक. त्यानं आपल्या दुकानांसाठी पेटीभर ब्रश सांगितले होते, आणि तेही बिज्जूच्या केसांचे. बिज्जू हे एक जनावर, बिळात राहणारं. त्याचा केस टोकाला पांढरा, मध्ये काळा पट्टा, मुळाशी पुन्हा पांढरा. पाणी धरतो, गालाला लोण्यासारखा लागतो. या घरात बहुतेक ब्रश डुकराच्या केसांचे बांधले जात, पण मालकानं छाती पुढं काढून होकार देऊन टाकला होता. माळ्यावरच्या जुन्या पोत्यातला बिज्जूचा केस त्यानं मोठ्या ऐटीत खाली काढायला लावला, तर त्याला कसर लागलेली. पोत्यातून केस कमी आणि भुसा जास्त निघाला. मालकाला हे सांगणार कोण? आणि केस धड असता तरी बांधणार कोण? घरातला सगळ्यात चांगला हात प्लॅस्टरमध्ये होता आणि राहिलेला हात धाकट्याचा होता.

म्हणून तो बाजारात गेला.

घाऊक बाजारात एक दुकानदार होता. त्याची तोंडाची टकळी कधी थांबत नसे, म्हणून सगळा बाजार त्याला पोपट म्हणे. त्याच्याकडे बाहेरदेशाहून आलेल्या मालाच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या असत.

"बिज्जूचे आहेत?" धाकट्यानं हळूच विचारलं. आपल्याला इथं कुणी पाहिलं तर, या धास्तीनं त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

"आहेत म्हणजे? खुद्द बिज्जू आतून ओरडतोय, ऐका!" पोपटानं पेटी फोडली. प्लॅस्टिकच्या मुठीत बसवलेले ब्रश, ओळीनं. "तुमच्या एका लाकडी मुठीच्या भावात अख्खी पेटी पडेल. घ्या, आणि मला दुवा द्या."

"एवढं स्वस्त? खरा केस कशावरून?"

"जाळून बघा की राव."

धाकट्यानं एक केस उपटून काडीवर धरला. प्लॅस्टिक जळल्यावर येतो तसा वास आला नाही. केस जळल्याचाच आला. त्यानं ब्रश पाण्यात बुडवून हुंगला तर ओल्या जनावराचा दर्प. केस खरा होता. मूठ तेवढी टाकाऊ, आणि मुठी तर घरात पडलेल्या होत्या. जुड्या उपटायच्या आणि घरच्या मुठींत बसवायच्या, म्हातारा ओठावरून फिरवील आणि गप्प बसेल. त्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

दुपारी मालक झोपला की वरच्या मजल्यावरच्या मागच्या न्हाणीत ती दोघं कामाला बसली. उकळत्या पाण्यात ब्रश बुडवून ठेवला की आतला गोंद सुटतो. बायकोनं डाव्या हातानं चिमटा लावून पहिली जुडी खेचली, ती सुळ्ळकन बाहेर आली.

"अहो, याला तर दोरा आहे," ती म्हणाली. "असल्या मालात नुसता गोंद असतो ना?"

धाकट्यानं जुडी हातात घेतली. निळा दोरा होता. त्यानं तो उजेडाकडे धरला. दोरा उलट्या दिशेनं गुंडाळलेला होता. शेवटचं टोक गाठीखाली न दडपता केसांच्या मधून आरपार ओवलेलं. आणि ते कात्रीनं कापलेलं नव्हतं, दातांनी तोडलेलं होतं. टोक चपटं झालं होतं.

"हा दादाचा हात आहे," तो म्हणाला.

या घरात लग्न होऊन आल्यापासून तिनं थोरल्या दिराबद्दल दोनच गोष्टी ऐकल्या होत्या: तो होता, आणि त्याचा विषय काढायचा नाही. आता धाकट्यानं न्हाणीत उकिडवं बसून सगळं सांगितलं. थोरला नुकता मिसरूड फुटलेला असताना मालकानं त्याचा उजवा हात ठोकळ्यावर मोडला. बोटं जुळली, पण वाकडी. तेव्हापासून तो डाव्या हातानं बांधायचा, आणि दोरा हा असा उलटा यायचा. मालक म्हणायचा, मुद्दाम करतोय. मला चिडवायला करतोय. त्या उलट्या दोऱ्यावरून रोज मार. शेवटी एके दिवशी मालकानं त्याच्या सगळ्या जुड्या शेगडीत टाकल्या आणि मोगरी त्याच्या तोंडावर मारली. थोरल्यानं बाहीनं रक्त पुसलं, घरातल्या चपलांवरच उंबरा ओलांडला आणि गेला तो गेलाच. आई वाट बघत बघत संपली.

"म्हणजे दादा जिवंत आहेत," ती म्हणाली.

"आहे. कुठल्यातरी परक्या कारखान्यात बसून हे स्वस्तातले ब्रश बांधतोय." धाकट्याला हसू येत होतं की रडू, ते त्यालाही कळेना. "आमचा धंदा बुडवणारा माल आमचाच दादा बांधतोय बघ."

एकेक करून त्यांनी सगळ्या जुड्या उपटल्या. बहुतेकांना तोच दोरा होता. पण आता एक पंचाईत होती. मूठ बसवण्याआधी मालक प्रत्येक उघडी जुडी हातात घ्यायचा आणि मुळाशी अंगठा फिरवून दोरा तपासायचा. ही त्या घरातली जुनी शिस्त. उलटा दोरा त्याच्या अंगठ्याला लागला तर आकाशपाताळ एक होईल. म्हणून धाकट्यानं प्रत्येक जुडीवर घरचा मेणाचा दोरा वरून सुलटा गुंडाळला. भावाचा हात आपल्या हातानं झाकत गेला. झाकता झाकता शेवटच्या जुडीपाशी त्याचा धीर सुटला. ती त्यानं तशीच सदऱ्याच्या खिशात टाकली. बायकोनं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुड्यांचं तबक मालकापुढं ठेवलं. त्यानं पहिली उचलली, मुळाशी अंगठा फिरवला, मग केस वरच्या ओठावरून नेला. थांबला. पुन्हा नेला. दुसरी उचलली, तिसरी उचलली. धाकटा मांडीवर घट्ट मुठी आवळून बसला होता. समोर त्याची बायको, प्लॅस्टरचा हात मांडीवर.

"कुणी बांधल्या?" मालकानं विचारलं.

आणि धाकटा काय म्हणाला असेल? आयुष्यात पहिल्यांदा त्याची जीभ चटकन सुटली. "मी," तो म्हणाला.

बायकोनं मान वर केली. टोचलेला ब्रश त्याचा असताना तो गप्प बसला होता. आता भावाच्या जुड्या त्यानं आपल्या नावावर घेतल्या. तिच्या डोळ्यांत जे उमटलं ते बघायला नको म्हणून त्यानं बापाकडे तोंड फिरवलं.

मालक उठला. त्याचा चेहरा कधी नव्हे तो सैल झाला होता. "हात तयार झाला तुझा," तो म्हणाला. "झाला एकदाचा. इकडे ये." धाकटा लहान पोरासारखा लगबगीनं पुढं गेला. म्हाताऱ्यानं हात पुढं केला आणि त्याच्या छातीवर थोपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात खिशावर थांबला.

जुडी कापडातून लागली तरी त्या हातानं ओळखली असती. त्यानं दोन बोटांनी ती बाहेर काढली आणि मुळाशी अंगठा फिरवला. मग उलट्या बाजूनं फिरवला. केसांमधून आरपार गेलेलं टोक नखानं चाचपलं. शेगडीवर राळ रटरटत होती.

"कुठंय तो?" मालक म्हणाला.

"मालक, ही बाजारातून—"

त्याच्या कानाखाली अशी बसली की तो बाकावर आडवा झाला. तबक उलटलं, जुड्या जमिनीवर पसरल्या. "घरात घेतलात त्याला! माझ्या घरात, माझ्या माघारी! त्याच्याकडून बांधून घेता आणि मला 'मी' म्हणून सांगता!" मालकानं चाचपत जाऊन खिळ्यावरची मोगरी ओढली. "बाहेर ये! हिंमत असेल तर ये बाहेर!"

आंधळा माणूस चिडला की घर किती लहान असतं ते कळतं. मोगरी डावीउजवीकडे फिरवत तो सुटला. पहिल्या फटक्यात राळेच्या बरण्या गेल्या. दुसऱ्यात रस्त्याकडची काच. कपाटाची फळी मधोमध फुटली आणि मुठींचा ढीग घरंगळत त्याच्याच पायांखाली आला. तो घसरला, गुडघ्यावर आपटला, शिव्या देत उठला. जिन्याखाली अडगळ होती तिथं त्यानं मोगरी खुपसली. वर गेला, पलंगाखाली मारली, न्हाणीचं दार मारमारून बिजागरीतून काढलं. पिंप फुटलं, पाणी जिन्यावरून खाली आलं. धाकटा त्याच्या मागं मागं "मालक, तो नाहीये, ऐका तरी" करत होता आणि प्रत्येक वळणाला मार खात होता. एक फटका खांद्यावर बसला, एक बरगडीत. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. आणि तरी त्याच्या लक्षात आलं ते हे, की म्हाताऱ्याच्या ओरडण्यात नुसता संताप नव्हता. "ये म्हणतो ना! ये एकदा!" असं तो ओरडत होता, आणि आवाज मधेच फाटत होता.

मालक पुन्हा खाली आला. धापा टाकत त्यानं डाव्या हातानं हवेत शोधलं आणि सुनेचं मनगट त्याच्या हाती लागलं. डावं, धडधाकट.

"तू सांग. कुठं लपवलाय?"

"परदेशातल्या पेटीत आहेत ते, बाजारातल्या," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मान ताठ होती. "तुम्ही मारून हाकललेत, तेव्हा आता तिकडे बांधतात. आम्ही पेटी विकत आणली. एवढंच आहे. खरं तेच सांगतेय."

"माझा मुलगा परक्याच्या पेटीत? हात ठेव."

"ठेवणार नाही."

असं आजवर त्या खोलीत कुणी म्हटलं नव्हतं. मालक क्षणभर गोंधळला. मग त्यानं तिचं मनगट ओढून ठोकळ्यावर दाबलं आणि मोगरी उचलली.

धाकट्याला पुढचं नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आपण ओरडलो, "तो ब्रश माझा होता! त्या दिवशी टोचलेला! माझा होता, तिचा नव्हता!" आणि आपला उजवा हात तिच्या हातावर पडला. मोगरी खाली आली ती त्याच्या हातावर. या वेळी त्याचे डोळे उघडे होते. बोटं ठोकळ्यावर पसरली गेली आणि मधलं हाड कातडीतून वर आलं, ते त्यानं पाहिलं.

मग त्यानं डाव्या हातानं मोगरी धरली आणि पिळून काढून घेतली. सोपं होतं. इतकं सोपं, की तेवढ्यावरूनच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं एका म्हाताऱ्याच्या हातातलं एक लाकूड होतं ते. त्यानं मोगरी उगारली. हवेतला तो आवाज मालकानं ओळखला, आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं पुढं, मान खांद्यांत. थेट तसं, जसं या घरातली मुलं करत आली होती. त्यालाही कुणीतरी हे शिकवलं होतं तर.

मोगरी त्याच्या कानाजवळ भिंतीवर बसली. पोपडे उडाले. धाकट्यानं पुन्हा मारली, पुन्हा मारली; भिंतीत खड्डा पडला, मालक खाली बसत गेला. मग त्यानं ठोकळ्यावर घाव घातले, तो दुभंगेपर्यंत. आणि शेवटी मोगरी शेगडीत टाकली. राळेत मुरलेलं लाकूड ते, भडकन पेटलं.

"हे माझं उत्तर," तो बायकोला म्हणाला आणि तिथंच ओल्या जमिनीवर कोसळला. ती त्याच्याजवळ बसली. पिशवी काही तिनं उचलली नाही.

डॉक्टरनं दुसरं प्लॅस्टर घातलं. "तुमच्या घरातली दारं फार वाईट दिसतात," तो म्हणाला.

"होती," ती म्हणाली. "जाळलं ते दार."

तुम्हाला वाटलं असेल की आता म्हातारा बदलला. बदलला, पण त्याच्या पद्धतीनं. तो कुणावर हात उगारत नव्हता, ओरडत नव्हता. दाराशी खुर्ची टाकून, धाकट्याच्या खिशातून निघालेली ती जुडी हातात घेऊन बसायचा आणि मुळाशी अंगठा फिरवायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, थोरला परदेशात असतो. मोठ्या कंपनीत आहे. सलूनवाला, मोडतोडीतून जेवढा धड उरला तेवढा माल न्यायला आला, तेव्हा तर म्हाताऱ्यानं कहरच केला.

"हे बघा," तो म्हणाला, "या जुडीवर माझ्या मुलाची सही आहे. दोन्ही डोळे नसताना ओळखतो मी. जगात असं दुसरं कुणी बांधत नाही. लोक म्हणतात, मारतो. अहो, मारलं म्हणून घडला! नाहीतर बसला असता इथंच, या धाकट्यासारखा."

सलूनवाला धाकट्याच्या प्लॅस्टरकडे बघत "हो, हो" म्हणाला आणि लवकर निघाला. धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मार खाल्ला तो दादानं, आणि त्याचंही श्रेय मालकाच्या खात्यावर!

पण पोट थांबत नाही. उजवा हात चालत नव्हता, तिचाही आणि त्याचाही. म्हणून दोघांनी डाव्या हातानं बांधायला सुरुवात केली. सरावासाठी पेटीतल्याच, त्या दिवशी भिजून मागं राहिलेल्या जुड्यांचे केस सोडवले, त्यांचाच निळा दोरा उकलून घेतला. उजव्या हातात जोर नाही, म्हणून दोऱ्याचं एक टोक दातांत धरावं लागे. डावा हात फिरवताना दोरा आपोआप उलटा पडे. गाठ खाली दडपायला दुसरा अंगठा हवा, तो नाही. मग दोरा निसटू नये म्हणून टोक केसांमधून आरपार ओवायचं. कात्री डाव्या हातात चालत नाही. दातांनीच तोडायचं.

तिनं आपली जुडी पूर्ण केली आणि बाकावर ठेवली. त्यानं आपली शेजारी ठेवली. मग दोघांनी त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या.

"अहो," ती म्हणाली, "ही दादांची पद्धत नाहीये."

"नाही," तो म्हणाला.

"ही मोगरीची आहे. उजवा हात मोडला की कुणाचीही अशीच येते." तिनं पेटीतली एक जुडी उचलली, निरखली, खाली ठेवली. "मग तिकडे कोण बांधतंय?"

"कुणीही असेल." त्याला दादा नुकता परत मिळाला होता आणि आता पुन्हा हातातून निसटत होता. "तिकडेही एखादा मालक असेल. त्याच्याही हातात काहीतरी असेल."

त्या संध्याकाळी तो दाराशी गेला. मालक खुर्चीत बसला होता, जुडी मांडीवर. धाकट्यानं आपली जुडी त्याच्या हातात दिली.

अंगठा फिरला. म्हाताऱ्याचं तोंड फुललं. "त्याचीच," तो म्हणाला. "नवीन पेटी आली काय रे? त्याचीच आहे, शंकाच नको."

"माझी आहे, मालक."

"चल, काहीतरीच."

"माझी आहे. आज बांधली, डाव्या हातानं." धाकट्याचा आवाज चढला नाही. बापाशी बोलताना तो न कापण्याची ही पहिलीच वेळ होती. "आणि ही घ्या. ही तुमच्या सुनेची."

मालकानं ती घेतली. अंगठा मुळाशी गेला, उलट्या दोऱ्यावरून फिरला, आरपार गेलेल्या टोकावर थांबला, दातांनी चपट्या झालेल्या शेंड्याला लागला. तो पुन्हा सुरुवातीपासून फिरला.

"तुम्ही ज्याचा उजवा हात मोडाल, त्याची अशीच येणार," धाकटा म्हणाला. "सही वगैरे काही नाही. दादा मुद्दाम करत नव्हता. त्याला दुसरं जमतच नव्हतं."

म्हाताऱ्यानं घाईघाईनं मांडीवरची पहिली जुडी उचलली आणि ती या दोघींशी लावून पाहिली. ओठावरून नेली, अंगठ्याखाली घेतली, पुन्हा ओठावरून. एक जुडी पायाशी पडली, ती त्यानं चाचपून उचलली, मग दुसरी पडली. तिन्ही त्याच्या मांडीवर एकमेकींत मिसळून गेल्या.

"थोरल्याची कुठली?" त्यानं विचारलं. "अरे, माझ्या थोरल्याची यातली कुठली?"

धाकट्यानं वाकून पाहिलं. बापावर दया करावी असं त्या क्षणी त्याला खरोखर वाटलं, आणि कुठलीही एक उचलून हातात द्यायला त्यानं हात पुढंही केला. पण तो मधेच थांबला, कारण यातली कुठली खिशात ठेवलेली होती ते आता त्यालाही सांगता आलं नसतं.